तिसरी ओळ दोनदा

पान एकशे बाराची तळटीप मी दोनदा वाचली आणि पुन्हा वाचायला गेलो तेव्हा हातातली लाल पेन्सिल टेबलाखाली घरंगळली. ती उचलायला वाकायचंही सुचलं नाही मला. तळटीप अशी होती: 'चिंधा व कुंदा ही खानदेशी पाळणागीतांतील पारंपरिक नावे होत.' वर मजकुरात गाण्याच्या चार ओळी, मधोमध, दोन्ही बाजूंना सारखा समास सोडून छापलेल्या. 'निज रे चिंधा, दारमा चांदनं पडनं. निज वं कुंदा, निंबवर पाखरू दडनं. बाप गया बजारले, खाऊ लई ई रातले. बाप गया बजारले, खाऊ लई ई रातले.' यातला चिंधा म्हणजे मी. कॉलेजच्या हजेरीपटावर आणि बँकेच्या पासबुकात मी प्रा. सी. यू. पाटील असलो, तरी माझ्याआधीची दोन मुलं जगली नाहीत म्हणून जन्मल्याबरोबर चिंधीत गुंडाळून ठेवलेला तो मीच. कुंदा माझी धाकटी बहीण. तीन वर्षांची असताना गेली. निंब आमच्या दारातला. आणि हे गाणं माझ्या आईनं आम्हा दोघांना निजवायला स्वतः बांधलं होतं, ते आमच्या घराबाहेर कधी गेलेलं नव्हतं. ते इथे जळगावात, नेहेते सरांच्या टेबलावर, छापखान्याच्या ताज्या शाईचा वास घेऊन, कोणा बोरोले नावाच्या मुलीच्या निबंधात कसं येऊन बसलं? आपल्याच घरातलं भांडं दुसऱ्याच्या चुलीवर दिसावं तसं मला झालं. आधी राग आला, आणि मग रागाच्या खालून भीती वर येऊ लागली.

समोर नेहेते सर माझ्याच निबंधावर रेघा ओढत होते. चर्चासत्राचा ग्रंथ निघायचा होता, मुद्रितं आली होती, आणि 'तुमचे संदर्भ म्हणजे आठवड्याचा बाजार आहे, ताबडतोब या' असं पोस्टकार्ड टाकून सरांनी मला धुळ्याहून बोलावून घेतलं होतं. संशोधनात काय सांगितलंय याच्याशी सरांना फारसं देणंघेणं नसे. ते कुठून आणलं आणि ते कसं लिहिलंय यात त्यांचा जीव. आडनाव आधी, मग स्वल्पविराम, मग नाव, मग बापाचं नाव. माणसाकडून ऐकलं असेल तर त्याचं वय, धंदा, गाव, तालुका आणि भेटल्याची तारीख. यादीत श्री. नको, सौ. नको, प्रा. नको, कै. तर मुळीच नको. "संदर्भयादीत सगळे सारखे, पाटील," ते मघाशीच म्हणाले होते, "तिथे कुणी मोठा नसतो आणि कुणी मेलेलाही नसतो." सरांच्या घरात मसाल्याचे डबेसुद्धा आडनावाप्रमाणे लावलेले असतील, असं आम्ही एम. फिल.ची मुलं मागे म्हणायचो. पण त्यांचं एक वाक्य मला खरोखर आवडायचं, मी ते माझ्या वर्गातही सांगत असे. संदर्भ म्हणजे पत्ता. ज्याला शंका येईल त्याला उठून तिथे जाता आलं पाहिजे. आज नमुना म्हणून त्यांनी ह्या मुलीचा निबंध माझ्यापुढे टाकला होता. "बघा जरा. तुमच्यापेक्षा दोन वर्षांनी लहान आहे, पण एक संदर्भ हलायचा नाही."

गाण्याच्या शेवटी डोक्यावर बारीक सात होता. मी मागची यादी उघडली. सातव्या क्रमांकावर लिहिलं होतं: 'पाटील, उखर्डू नथ्थू. पुरुष, वय ६०, शेतमजूर. पिंपळनेर, ता. साक्री, जि. धुळे. प्रत्यक्ष भेट, ११ फेब्रुवारी १९९१.' नाव उलटं लिहिलेलं असल्यामुळे डोळा आधी पाटलावर अडला आणि पुढे सरकला. पाटील काय, खानदेशात पैशाला पासरी. उखर्डूही कमी नाहीत. पोरं जगत नसलेल्या घरात नवं पोर आधी उकिरड्यावर ठेवतात आणि कचरा म्हणून उचलून आणतात, म्हणजे यमाची नजर पडली तरी तो तोंड फिरवून जावा. अशा एकेका गावात चार-चार उखर्डू सापडतील. मी स्वतःला हे सगळं भराभर सांगून टाकलं. मग नथ्थू वाचलं. नथ्थू माझा आजा. आणि उखर्डू नथ्थू पाटील, ज्याला चिंधा आणि कुंदाचं गाणं येतं, असा माणूस या पृथ्वीवर एकच होता. तो माझा बाप. पण तो नव्हता. त्याला मी एकोणनव्वद साली जाळलं होतं.

"काय हो, चूक सापडली की काय तिथे?" सरांनी चष्म्यावरून बघितलं.

"नाही सर," मी म्हणालो. "सगळं बरोबर आहे."

माझा आवाज मला दुसऱ्या खोलीतून आल्यासारखा ऐकू आला. सर खूश झाले, ती मुद्रितं वाटेत बघायला घेऊन जा म्हणाले, चार दिवसांत परत आणा, छापखाना थांबलाय. मी हो म्हणालो. बाहेर ऊन रणरणत होतं आणि स्टँडपर्यंत मी चालत आलो की रिक्षानं, ते मला आज सांगता येत नाही. एस.टी.त खिडकीपाशी जागा मिळाली. शेजारच्या बाईच्या टोपलीत कच्च्या केळ्यांची फणी होती, ती माझ्या गुडघ्याला टोचत राहिली आणि त्या टोचण्याचा मला आधार वाटला. जाळलं होतं म्हणजे काय केलं होतं, हे मी पहिल्यांदाच नीट आठवून बघितलं. आबा (बापाला मी आबा म्हणायचो) मी दहा वर्षांचा असताना दोंडाईचाच्या बाजारात मिरच्या विकायला गेला आणि आला नाही. मिरच्या विकल्याचं अडत्यानं सांगितलं. बैल कोणीतरी गावच्या वाटेला लावून दिले होते, ते आपले आपण गाडी घेऊन घरी आले. त्याच्या पुढचं कुणालाच काही माहीत नव्हतं. विहिरी बघितल्या, तापीकाठ बघितला, नवस झाले, भगतानं दाणे टाकले. बारा वर्षं उलटल्यावर, शास्त्र आहे म्हणून, पळसाच्या पानांचा पुतळा केला. डोक्याच्या जागी नारळ ठेवला. भटूकाकानं, आबाच्या धाकट्या भावानं, त्याला आबाचाच जुना सदरा घातला. तो सदरा इतका मोठा झाला पुतळ्याला की बाह्या दोन्हीकडे लोंबत राहिल्या. मी केस आणि मिशी काढून, मडकं फोडून, त्याला अग्नी दिला. पळस ओला होता, धूर फार झाला, सगळ्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि कोण रडतंय ते कळत नव्हतं. नारळ फुटला तेव्हा मोठा आवाज झाला. तापीकाठच्या प्रकाशा गावी जाऊन राख सोडली. गावी परतल्यावर आईच्या कपाळावर काही नव्हतं.

आणि त्यानंतर दोन वर्षांनी, अकरा फेब्रुवारीला, तो साठ वर्षांचा माणूस कुठल्यातरी ओट्यावर बसून, एका अनोळखी मुलीनं पुढे धरलेल्या टेपरेकॉर्डरवर, आमचं गाणं म्हणत होता. त्या दिवशी मी काय करत होतो? कदाचित वर्ग घेत असेन. कदाचित ह्याच सरांच्या घरी संदर्भ शिकत असेन. एरंडोल गेलं, पारोळा आलं, कुणी चहाला उतरलं, कुणी चढलं, आणि मी पिशवीवर हात ठेवून बसलो होतो. पिशवीत तो कागद. मी वाटेल तशा शंका काढून बघितल्या, संशोधकानं काढाव्यात तशा. मुलीनं नाव कुठून उचललं असेल. पण गाणं कुठून उचलील? दुसऱ्या कुणी ऐकून सांगितलं असेल. पण त्याला आजाचं नाव कशाला लागेल? शंका एकेक करून खाली पडली आणि उरला तो फक्त पत्ता. ज्याला शंका येईल त्याला उठून तिथे जाता आलं पाहिजे. मला सरांची त्या क्षणी इतकी चीड आली की वाटलं, परत जाऊन त्यांचे ते सगळे स्वल्पविराम त्यांच्या अंगावर फेकावेत. माणूस शोधायला आम्ही विहिरींत गळ टाकले, भगताच्या पायाशी बसलो. आणि तो सापडला कुठे, तर संदर्भ क्रमांक सात.

धुळ्याच्या स्टँडवर पिंपळनेरची गाडी लागलेली होती. पाटी स्पष्ट वाचता येत होती. कंडक्टर दाराशी उभा राहून साक्री, पिंपळनेर ओरडत होता. मी तिच्या दारापर्यंत गेलो, दांडी धरली. समजा गेलो. समजा तो दिसला. काय म्हणू त्याला? आबा, मी तुमचं तेरावं घातलं? त्याला तेराव्याचं बोलावणं नव्हतं म्हणून माफी मागू? का आला नाहीत, विचारू? दहा वर्षांचा असताना मी हे प्रश्न इतके घोकले होते की ते आता तोंडात येईनात. मागून एकानं "चढताय का उतरताय, भाऊ?" म्हणून ढकललं. मी बाजूला झालो. गाडी गेली. आणि मग मला दुसरीच भीती पडली, जी आधी पडायला हवी होती. आईला हे कसं सांगायचं? ती चार वर्षं बिनकुंकवाची राहते आहे. लग्नकार्यात मागे बसते. संक्रांतीला शेजारणी वाण घेऊन येतात तेव्हा आतल्या खोलीत जाते. हे सगळं तिनं एका पळसाच्या पुतळ्यासाठी केलं असं तिला कुठल्या तोंडानं सांगू? आणि न सांगता तिच्या हातची भाकरी कशी खाऊ? पांझरेचा पूल ओलांडून देवपुरात घरापर्यंत येताना मी निश्चय केला की सांगायचं नाही. दारात चप्पल काढेपर्यंत तो टिकला.

आई पडवीत वर्षाच्या मिरच्यांची देठं खुडत बसली होती. घरभर मिरचीचा ठसका सुटला होता, मला दारातच शिंका आल्या. "बठ," ती म्हणाली, "चहा ठेवस." मी पाणीही न पिता तिच्यासमोर बसलो आणि सांगून टाकलं, पुढचंमागचं काही न सांगता.

"माय, आबा जित्ता शेतस."

तिनं हातातलं देठ खुडलं. मिरची सुपात टाकली. दुसरी घेतली. मला वाटलं, तिला ऐकू गेलं नाही. मी पुन्हा तोंड उघडलं तेव्हा ती म्हणाली, "माले माहीत शे."

बसल्या जागी जमीन खचली असं लोक म्हणतात ते मी नेहमी अतिशयोक्ती समजत आलो. तसं होतं. माझे दोन्ही हात फरशीवर टेकले गेले.

"कोनी सांगं तुले?"

"भटूभाऊनी. तू एम.ए.ले व्हता तवय. पिंपयनेरना बजारमा दखा त्यानी. बोलना बी."

"पुतळाना पहिले?"

"पहिले."

"मंग मन्हा हातवरी कसाले जाळा, माय?" मी ओरडलो. भटूकाकानं त्या दिवशी पुतळ्याला सदरा घालताना माझ्याकडे बघितलं नव्हतं, बाह्या नीट करत राहिला होता, हे मला आत्ता दिसलं. म्हणजे आम्हा तिघांपैकी तो पुतळा खरा फक्त मलाच वाटला होता. बाकी दोघांना माहीत होतं. लहानपणी सुद्धा मी आईवर असा कधी चिडलो नव्हतो.

ती अजिबात गडबडली नाही. तिनं सूप बाजूला सारलं, मिरचीचे हात पदराला न लावता हवेत धरले. "बारा वरीस वाट दखी. त्या मरनात म्हनीसन नही दखी, जित्ता शेतस म्हनीसन दखी. मंग भटूभाऊनी सांगं, चांगला शेतस, काम करतस, भजनमा बठतस, गाना म्हनतस. यष्टी शे, ई सकता व्हतात. नही उनात. मरेल माणूसले एकदाव रडीसन मोकयं व्हता येस, भाऊ. जित्ताले रोज रडो का? माले मोकयं व्हनं व्हतं. कपायनं कुकू मी मन्हा हातवरी पुसं, कोन्ही सांगं नही." मग ती म्हणाली, "तुले सांगतू तं तू त्यास्ले आनाले जाता." ते खरं होतं. मी गेलो असतो. पाय धरून आणलं असतं. आणि ती पुन्हा चुलीपुढे बसून त्याला भाकरी वाढत राहिली असती, हे मला इतक्या वर्षांत कधी वाईट वाटण्यासारखं वाटलंच नव्हतं.

मग तिनंच विचारलं, "तुले कोनी सांगं?" मी पिशवीतून मुद्रितं काढली. एका पोरीनं त्यास्ना गाना लिखी लिधा, पुस्तकमा छापतस, असं सांगितलं. कुठलं गाणं ते सांगावं की नाही ह्याचा विचार करत होतो, पण तिचा चेहरा पहिल्यांदाच हलला होता. "वाच," ती म्हणाली. मी वाचलं. कागदावरून ते गाणं वाचताना मला लाज वाटत होती, कारण मी त्याला चाल लावू शकत नव्हतो आणि चालीशिवाय ते नागडं वाटत होतं. पहिल्या ओळीला तिचे ओठ हलले. दुसऱ्या ओळीला, कुंदाचं नाव आलं तिथे, तिनं डोळे मिटले. तिसरी झाली. मी चौथी वाचली, म्हणजे तिसरीच पुन्हा वाचली, आणि तिनं डोळे उघडले.

"हाई दोनदाव कसाले?"

मी तळटीप बघितली. खरोखरच त्यावरही तळटीप होती. 'तिसरी ओळ दोनदा म्हणणे हा पुरुष गायकांचा शैलीविशेष दिसतो.' मी तिला अहिराणीत सांगितलं की, माणसं म्हणतात तेव्हा तशी पद्धत आहे म्हणे.

"पद्धत?" आई हसली. ते हसणं मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं, आणि पुन्हा ऐकायची इच्छा नाही. "चौथी कडी गिळी गया तो." आयुष्यात पहिल्यांदा ती त्याला तो म्हणाली. "गानं मन्हं शे, नि तेबी आख्खं सांगं नही. लिख. मी सांगस."

मी पेन काढलं. तिनं गायलं नाही, नुसतं सांगितलं, शब्द मोजून द्यावेत तसं. "कुंदा निजनी कायमनी, बाप उना पहाटले."

मला एकदम आमच्या जुन्या घरातलं जातं ऐकू आलं. कुंदा गेल्यावर आईनं गाणं सोडलं अशी माझी समजूत होती. मी ती माझ्या निबंधात, नाव न घेता, एक निरीक्षण म्हणून घातलीही होती. पण पहाटे जात्याच्या घरघरीखाली काहीतरी गुणगुणणं चाललेलं असायचं आणि आबा तांब्या घेऊन अंधारातच बाहेर निघून जायचा, उन्हं वर येईपर्यंत यायचा नाही, हे मला अंथरुणात अर्धवट झोपेत कळायचं. रोज. तो मिरच्यांची गाडी घेऊन गेला त्या दिवसापर्यंत. आईनं मग बाकीचं सांगितलं, मान खाली घालून, मिरच्यांकडे बघत. पोरीला संध्याकाळपासून हगवण लागली होती. त्याला दोंडाईचाला औषधाला पाठवलं. औषध त्यानं घेतलं. वाटेत कुठल्यातरी गावात डफाची बैठक बसली होती, ओळखीच्यांनी हात धरून बसवलं, एक गाणं म्हण म्हणाले. त्याचा गळा गोड होता, तो रात्रभर गात राहिला. घरी आला तेव्हा बाटली त्याच्या खिशात होती आणि पोर गार झालेली होती. आई त्याला एका शब्दानं बोलली नाही. तिनं फक्त गाण्याला एक ओळ लावली.

"रोज म्हनू ती कडी," ती म्हणाली. "तो गया त्यामुळेच. माले माहीत शे. मी म्हनाले नको व्हतं, असं बी वाटस कव्हयमव्हय." तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. मिरचीच्या हातांनी ते पुसता येईना म्हणून ती तशीच बसून राहिली, आणि मी माझ्या रुमालानं तिचे गाल पुसले. ती मला लहान पोरासारखं पुसू देत होती. मला वाटत होतं, तो माणूस त्या ओट्यावर बसून त्या अनोळखी मुलीला सगळं गाणं देऊ शकला, माझं नाव देऊ शकला, मेलेल्या पोरीचं नावसुद्धा देऊ शकला. चौथ्या ओळीशी आल्यावर त्याच्या तोंडून तिसरीच पुन्हा निघाली. अजून तो तिथेच आहे, बाप रात्री खाऊ घेऊन येईल ह्या आशेवर. मला त्याची कीव आली आणि कीव आल्याची चीडही आली.

मी तिला समजावून सांगितलं. ही ओळ निबंधात घालायची तर सरांना सांगावं लागेल की मला ती कुठून मिळाली. मग चिंधा कोण तेही सांगावं लागेल, तो सातव्या क्रमांकाचा माणूस कोण तेही, आणि आम्ही गावादेखत जित्या माणसाचं प्रेत जाळलं तेही उघडं पडेल. भटूकाकाला भावकी फाडून खाईल. लोक तुला काय म्हणतील, माय.

"म्हनू दे," ती म्हणाली. "कडी कुंदानी शे. ती कोन्ही गिळाले नको."

मग मी पद्धतीप्रमाणे सगळं विचारू लागलो. सवयच ती. वय तिला नीट माहीत नव्हतं, अंदाजानं लिहिलं. धंदा विचारला तेव्हा तिनं सूप पुन्हा पुढ्यात ओढलं, तो मी नंतर लिहू म्हणून सोडला. गाव देवपूर, धुळे. आजची तारीख. सगळ्यात वरची जागा मी मोकळी ठेवली होती, कारण तिथे माझा हात अडत होता. पाटील, स्वल्पविराम, ताईबाई, आणि तिच्यापुढे उखर्डू. मी तसं म्हणून दाखवलं. तिनं मान हलवली.

"त्यानं नाव नको."

"मंग काय लिखू?"

"लिख, कुंदानी माय."

"आडनाव लागस, माय. बठ्ठास्नं तसंच शे."

"कुंदाले कोठे व्हतं आडनाव?" आई म्हणाली. "तीन वरीसनी व्हती ती. इतलंच लिख."